बेताचा करंट

साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी उतरा, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर हा माणूस सापडतोच. दुकानाच्या पाटीवर ‘टाइपरायटर, कॉम्प्युटर, प्रिंटर दुरुस्ती’ असं लिहिलेलं असतं. त्यातला टाइपरायटर कैक वर्षांत कुणी आणलेला नसतो, पण पाटी पुन्हा रंगवायला पैसे पडतात म्हणून तो राहिलेला. गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची असते, तिच्यावर प्रिंटर बसलेला असतो. गिऱ्हाईक उभ्यानेच आपली तक्रार सांगतं आणि ती अर्ध्यावर आली की हा माणूस हात वर करून थांबवतो. यंत्र काय काम करतं, कुणाचं आहे, कधीपासून बंद आहे, यातलं काहीही त्याला नको असतं. तो विचारतो, “ह्याच्यात मोटर कुठली हाय?”

या जातीचा माझ्या पाहण्यातला सर्वांत अस्सल नमुना म्हणजे आमचे अण्णा.

अण्णा मूळचे साताऱ्याचे, गोडोलीकडचे. आयटीआय करून टाइपरायटरच्या कामाला लागले. टायपिंग इन्स्टिट्यूटांचे ते भरभराटीचे दिवस. गोदरेज आणि रेमिंग्टनची मशिनं महिन्याच्या महिन्याला तेलपाणी मागायची आणि अण्णांचं पोट चालायचं. नव्वदीत पतसंस्थांमध्ये कॉम्प्युटर शिरला, त्याच्या पाठोपाठ कर्कश आवाज करत डॉट मॅट्रिक्स आला, आणि टाइपरायटरवाल्यांपैकी बरेच जण हात टेकून झेरॉक्सच्या धंद्याला लागले. अण्णांनी पहिला बिघडलेला प्रिंटर उघडला, आतला रूळ, कॅरेज आणि रिबन बघितली आणि निकाल दिला, “ह्यो टाइपरायटरच हाय. बोटं तेवढी आत घातल्यात.” सांगलीत मार्केट यार्डाजवळ गाळा मिळाला आणि साताऱ्याचा माणूस सांगलीकर झाला, निदान रेशनकार्डावर. सांगलीत असले की कंदी पेढ्याची आठवण काढतात, साताऱ्याला गेले की बहिणीकडे पेढा खाता खाता विचारतात, “भडंग न्हाय का गं?”

डॉट मॅट्रिक्स अजून आहे कशाला, असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं. त्याने एकदा गळिताच्या हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर उभं राहावं. उसाच्या गाडीची पावती तीन प्रतींत निघते, एकाच फटक्यात, कार्बनवर. लेझर प्रिंटर कितीही देखणा असला तरी तो कागदावर आपटत नाही, आणि जो आपटत नाही त्याची कार्बन कॉपी निघत नाही. म्हणून काट्यावर, दूध डेअरीत, अडत्याच्या पेढीवर, पतसंस्थेच्या पासबुकाच्या खिडकीत, टीव्हीएसचा एमएसपी नाहीतर एप्सनचा एलएक्स अजून किरकिरतोय. आणि त्या प्रत्येकाच्या पोटात दोन स्टेपर मोटरी आहेत. एक कॅरेज डावीकडून उजवीकडे नेणारी, दुसरी कागद पुढे सरकवणारी. अण्णांचा जीव या दोघींत.

स्टेपर मोटर म्हणजे पंख्याची मोटर नव्हे. पंख्याला वीज दिली की तो सुटतो. स्टेपर पावलापावलाने फिरतो, चांगल्या मोटरीला एका फेऱ्यात 200 पावलं, म्हणजे एक पाऊल 1.8 अंशांचं. आतल्या दोन कॉइलींना ठरलेल्या क्रमाने करंट दिला की एक पाऊल, पुन्हा क्रम बदलला की पुढचं पाऊल. तिला आपण कुठे पोचलो ते कळत नाही. सर्किट मोजत राहतं, मोटर त्याच्यावर विश्वास ठेवून चालत राहते, आणि सगळा व्यवहार भरवशावर.

भरवसा म्हटला की तो कधीतरी मोडणार. आमच्या पतसंस्थेत तो एका मार्चमध्ये मोडला. कॅरेज मध्येच अडखळायला लागली. सर्किटच्या हिशेबात ती पुढे गेलेली, प्रत्यक्षात मागेच. त्यामुळे एका सभासदाच्या पासबुकात त्याची सगळी शिल्लक व्याजाच्या रकान्यात छापली गेली. सभासद खूश. दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन आला आणि ‘संस्थेनं छापून दिलंय’ या मुद्द्यावर मॅनेजरच्या टेबलापुढे मांडी घालून बसला. एका जाणत्याने सल्ला दिला की मोटर थकली आहे, तिला जरा जास्त करंट द्या. अण्णांना बोलावलं. त्यांनी प्रिंटरचं झाकण काढलं, कॅरेज ज्या लोखंडी रॉडवरून सरकते त्यावर बोट फिरवलं, वास घेतला आणि माझ्या नाकाला लावलं.

“कशाचा वास हाय, साहेब?”

हळदीचा होता.

सांगलीत हे नवल नाही. हंगामात यार्डातली हळद हवेत असते, दुकानदाराच्या टोपीवर असते, चहाच्या कपातही असते. प्रिंटरच्या रॉडवर कुणीतरी प्रेमाने तेल सोडलेलं असतं, त्यावर ती बसते आणि कालांतराने असा पिवळा राळेसारखा थर तयार होतो की कॅरेज त्यातून खेचावी लागते. अण्णांनी फडकं स्पिरिटमध्ये बुडवून रॉड पुसला, हलकं मशीन ऑइल एक थेंब, तोही बोटाने पुसून काढलेला. प्रिंटर चालू केला. कॅरेज सळसळत गेली. “जास्त करंट द्या म्हनं,” अण्णा पान्यावरचं तेल पुसत पुटपुटले. “रॉड पुसायला चार आन्याचं फडकं लागतंय. करंट वाढीवला असता तर म्होरल्या म्हैन्यात ड्रायव्हर जळाला असता, आन् मंग मलाच बोलीवला असता.” थोडं थांबून, “बोलवा की. पन असं नको.”

माणूस सरळ आहे, पण बिलाच्या बाबतीत फार वाकडा. किती झाले विचारलं की “द्या काय द्यायचं ते.” तीनशे दिले तर खिशात घालतात आणि आठवडाभर बोलत नाहीत. पाचशे दिले तर दोनशे परत करतात आणि आठवडाभर बोलत नाहीत. नेमका आकडा कोणता, याचा शोध आमची संस्था लेखापरीक्षणातून घेत आहे.

अण्णांचा प्रवास एसटीने. रविवारी सांगलीहून साताऱ्याला जातात तेव्हा खांद्याला एक पिशवी असते, आणि ती उचलायला गेलेल्या कंडक्टरचा चेहरा बघण्यासारखा होतो. आत मोटरी असतात. मोडीत गेलेल्या प्रिंटरांतून, फॅक्स मशिनांतून, जुन्या फ्लॉपी ड्राइव्हमधून काढलेल्या. इस्लामपूरच्या पुढे गाडीने वेग घेतला की अण्णा एक बाहेर काढतात आणि मांडीवर ठेवून काम सुरू करतात. एकदा शेजारी मी होतो. चार वायरींची मोटर. कुठल्या दोन वायरी एका कॉइलच्या, ते ठाऊक नाही, मीटर घरी राहिलेलं. अण्णांनी दोन वायरींची उघडी टोकं एकमेकांना पीळ देऊन जोडली आणि दांडा बोटांनी फिरवला. सहज फिरला. सोडल्या. पहिलीला तिसरी जोडली, पुन्हा फिरवला. या वेळी दांडा अडला. रेटून फिरवावा लागत होता, टक् टक् करत.

“ही जोडी,” अण्णा म्हणाले.

यात जादू नाही. दांडा फिरवला की आतलं चुंबक फिरतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. टोकं एकत्र बांधली की त्या विजेला वाट मिळते, आणि तीच वीज फिरवणाऱ्याला विरोध करते. पण पलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला ती जादूच वाटली. त्याने मोटर मागून घेतली, स्वतः फिरवून बघितली, वायरी सोडून बघितली, पुन्हा बांधून बघितली, आणि कराड येईपर्यंत ती परत केली नाही. उतरताना म्हणाला, “पाव्हनं, हे मोकळं असलं की फिरतंय आन् बांधलं की अडतंय.” अण्णांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी म्हाताऱ्याला ती मोटर भेट देऊन टाकली. त्यानंतर साताऱ्यापर्यंत ती दिल्याबद्दल हळहळत होते.

सहा वायरींची असली तर काम थोडं निराळं. दोन वायरी कॉमन, म्हणजे कॉइलच्या मधून काढलेल्या. मीटरने टोकापासून टोकापर्यंत मोजलं तर जेवढे ओहम भरतात, त्याच्या निम्मे टोकापासून कॉमनपर्यंत. अण्णा हे आकडे मोटरीच्या अंगावर बॉलपेनने लिहून ठेवतात. घरातल्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत अशा मोटरी भरलेल्या आहेत आणि प्रत्येकीच्या पोटावर तिची कुंडली.

मोटरीचं एक पथ्य मात्र ते कुणालाही मोडू देत नाहीत: ती उघडायची नाही. हायब्रिड स्टेपरचा आतला चुंबकी गाभा बाहेर ओढला की त्याचं चुंबकत्व उतरतं, आणि परत जसाच्या तसा बसवला तरी मोटरीत पहिला जोर राहत नाही. शेजारच्या गाळेवाल्याच्या पोराने एक उघडली होती, कुतूहलाने. अण्णा त्या पोराला काही बोलले नाहीत. त्याच्या बापाला बोलले, तासभर.

आता करंटबद्दल. अण्णांच्या आयुष्याचा हाच खरा विषय आहे, आणि बायको, बहीण, भाचा, मॅनेजर या सगळ्यांनी तो ऐकलेला आहे, म्हणून वाचकांनाही सूट नाही. प्रिंटरच्या मोटरीची कॉइल समजा 5 ओहमची. प्रिंटरचा सप्लाय 24 व्होल्टचा. सरळ जोडली तर जवळपास 5 अँपिअर करंट वाहणार, आणि तिची कुवत अँपिअरच्या आतबाहेरची. धूर. मग सप्लायच कमी केला, 4 व्होल्ट दिले तर? हळू फिरवायची असेल तर चालेल. पण कॉइलमध्ये करंट एकदम भरत नाही, चढायला वेळ घेतो, आणि कॅरेज पळवायची असेल तर दर पावलाला तेवढा वेळ मिळत नाही. करंट वर चढायच्या आधीच पुढचं पाऊल आलेलं असतं. जोर जातो, पावलं चुकतात. म्हणजे व्होल्ट चढे हवेत, पण करंट बेताचा हवा.

जुन्या काळी यावर उतारा म्हणून कॉइलच्या वाटेत जाडजूड रेझिस्टर घालायचे. 0.8 अँपिअरवर थांबवायचं तर 25 ओहमचा. अण्णांनी मला कागदावर हिशेब करून दाखवला: सप्लायमधून 19 वॉट निघाले, त्यातले 16 रेझिस्टरने गरम होण्यात घालवले आणि मोटरीच्या वाट्याला 3 आले. तेही एका कॉइलला. “पैकं देनारा कोन, खानारा कोन!” कागदावरच्या 16 या आकड्याभोवती त्यांनी पेनने कागद फाटेपर्यंत गोल काढला.

चॉपर आला आणि अण्णांना देव भेटला. चॉपर ड्रायव्हर पूर्ण 24 व्होल्ट देतो, करंट झपाट्याने चढतो, ठरवलेल्या मर्यादेला टेकला की ड्रायव्हर तोडतो, जरा उतरला की पुन्हा जोडतो. सेकंदाला हजारो वेळा, बहुतेकदा कानाला ऐकू येणार नाही इतक्या वेगाने. बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, त्यांनी हे स्वयंपाकघरात उभं राहून समजावलं: दूध उतू जायला आलं की गॅस बारीक, खाली बसलं की मोठा, तसंच. काकू म्हणाल्या, “मग जरा हे दूध बघा, मी खाली जाऊन येते.” अण्णा चॉपरवर बोलत राहिले. दूध उतू गेलं.

भाचा साताऱ्यात इंजिनिअरिंगला. पोरगा हुशार, पण त्याची पिढी मॉड्यूलवर वाढलेली. त्याने पहिल्यांदा एल298 ड्रायव्हरचा तांबडा बोर्ड आणला तेव्हा अण्णांनी त्याचा काळा हीटसिंक बघूनच नाक मुरडलं. “एवढं मोठं रेडिएटर कशाला लागतंय, म्हायती हाय? दोन व्होल्ट तर ह्योच खातोय.” मग भाच्याने ए4988 चा नखाएवढा बोर्ड आणला, त्यात चॉपर होता, आणि अण्णा गप्प झाले. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. जुन्या प्रिंटरमध्ये तळहाताएवढ्या जागेत जे मांडलेलं असायचं ते सगळं या चिमुकल्यात. भाच्याला वाटलं, मामा हरले. त्या भरात त्याने प्रिंटरचाच सप्लाय त्या बोर्डाला जोडला.

काही जुन्या प्रिंटरांचा सप्लाय 24 नसतो, 35 व्होल्टच्या आसपास असतो. ए4988 ची कमाल मर्यादा 35. आणि वायर जोडण्याच्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं ते मर्यादा विचारून मारत नाही.

फट्.

“वास आला का?” अण्णांनी विचारलं. त्यांच्या आवाजात इतकी माया मी पुन्हा कधी ऐकली नाही. मग त्यांनी पोराला जवळ बसवून दुसरा बोर्ड घेतला. 24 चा सप्लाय. बोर्डाच्या अगदी शेजारी 100 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, ती उसळी गिळायला. बोर्डावरच्या बारक्या स्क्रूला पेचकस, मीटरचं एक टोक त्या स्क्रूला, दुसरं ग्राउंडला. त्या बोर्डावर करंट मोजायचे रेझिस्टर 0.1 ओहमचे होते, म्हणजे मीटरवर 0.4 व्होल्ट दिसले की मोटरीला अर्धा अँपिअर. अण्णांनी स्क्रू केसभर फिरवला. 0.43. परत. 0.39. परत. भाचा म्हणाला, “मामा, चालतंय की तेवढं.” अण्णांनी वर न बघता सांगितलं, “चालतंय म्हनूनच तुझा पयला उडाला.” मग मोटर सुरू केली, दहा मिनिटं चालवली आणि बोट टेकवलं. त्यांचं मोजमाप असं: एक, दोन, तीन म्हणेपर्यंत बोट ठेवता आलं तर ठीक. मोटर 80 अंशांपर्यंत तापली तरी ती मरत नाही, पण ती ज्याला चिकटवलेली असते ते मरतं. हे वाक्य भाच्याने त्या दिवशी वहीत लिहून घेतलं नाही.

चालू मोटरीची वायर ओढायची नाही, हे त्याने लिहून घेतलं. कॉइलमधला करंट असा अचानक तोडला की व्होल्टेज चवताळून उठतं आणि समोर येईल त्या ट्रान्झिस्टरला खातं. म्हणून डायोड लागतात. म्हणून यूएलएन2003 ची नऊ नंबरची पिन सप्लायला जोडावी लागते. कॉलेजची पोरं ती मोकळी सोडतात, मग चिप गेली म्हणून दुकानदाराशी भांडतात. पुण्याच्या तापकीर गल्लीत असा एक भांडणारा अण्णांना भेटला होता. अण्णांनी ओळखपाळख नसताना त्याला रस्त्याकडेला उभं करून डायोड समजावला. पोरगा सुटका करून घेण्यासाठी ‘हो काका, हो काका’ म्हणत होता, अण्णांना ते ज्ञानाची तहान वाटली.

वीज जिथे खरोखर जीव घेते तिथे मात्र अण्णांची बडबड थांबते. दुरुस्त केलेला सप्लाय ते कधी थेट प्लगमध्ये घालत नाहीत. आधी सिरीज बोर्ड, त्यात 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब. कुठे शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो आणि बाकी काही पेटत नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट दडून बसलेले असतात, म्हणून होल्डरला लावलेल्या दुसऱ्या बल्बच्या दोन वायरी आधी त्याच्यावर टेकवायच्या, मग मीटरने बघायचं, मगच हात. या वेळी दुकानात बोलायचं नाही, मोबाइल वाजला तर उचलायचा नाही, आणि डावा हात पाठीमागे. गिऱ्हाइकाने डावा हात का मागे असं विचारलं तर उत्तर नंतर मिळतं, उजव्यातलं काम झाल्यावर.

काकूंचा या सगळ्याला विरोध नाही, उपयोग आहे. उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे घालतात तेव्हा प्लॅस्टिकचा कागद वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार मोटरी ठेवतात. चौकोनी, वजनदार, बुड सपाट. अण्णांना हे चार दिवसांनी कळलं. ते धावत वर गेले. काकू म्हणाल्या, “तापल्या तर नाहीत ना? बोट लावून बघा, तीनपर्यंत मोजा.”

इंकजेटबद्दल अण्णांशी बोलू नये. त्यातल्या शाईबद्दल त्यांची तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. आजच्या बऱ्याच इंकजेटांत कॅरेजला स्टेपर नसतो, साधी डीसी मोटर असते आणि मागे एक पारदर्शक पट्टी ताणलेली असते, तिच्यावर बारीक रेघा. कॅरेज रेघा वाचत वाचत जाते, त्यामुळे चुकली तर तिला कळतं. सुधारणा म्हणून हे चांगलंच आहे, मोटर हलकी, आवाज कमी, करंट कमी. अण्णांना मात्र हा परीक्षेतला प्रकार वाटतो. “बगून ल्हितंय ते,” ते म्हणतात आणि विषय संपतो.

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या पुढे गेलं. सांगलीत 40 फूट ही इशारा पातळी, 45 ला धोका. 2005 चा पूर ज्यांनी पाहिला होता तेही या वेळी फसले. पाणी ओसरल्यावर अण्णांच्या दुकानापुढे प्रिंटरांची रांग लागली, प्रत्येकात गाळ. अण्णांनी बोर्ड नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासले. लोकांना वाटलं डोकं फिरलं. पण मेलेल्या बोर्डाला पाण्याचं भय कसलं, भय असतं न वाळवता वीज देण्याचं. आठ-आठ दिवस उन्हात, मग स्पिरिट, मग सिरीज बल्ब. बरेच प्रिंटर उठले. जे उठले नाहीत त्यांच्या मोटरी बरण्यांत गेल्या.

त्याच मोटरींतून पुढे कोयना धरण झालं.

एका गणेश मंडळाला हलता देखावा करायचा होता. दरवर्षी असतात ते नकोत, काही तरी सांगलीच्या काळजाला हात घालणारं हवं. कुणी तरी म्हणालं, कोयनेचे दरवाजे. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठून देवाच्या आधी कोयनेचा विसर्ग बघतो, सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले ते बघतो, आणि मग आयर्विनची पातळी. ठरलं. सहा दरवाजे, सहा मोटरी, आणि त्या दिवशी खरोखर जेवढे उघडले असतील तेवढेच उघडायचे, ही अध्यक्षांची अट. भाचा साताऱ्याहून सुट्टी काढून आला. पुली एका फेऱ्यात चार सेंटिमीटर दोरी गुंडाळायची, म्हणजे 50 पावलांना एक सेंटिमीटर. पाणी म्हणून निळा कपडा आणि खाली पंखा. पहिल्या संध्याकाळी दरवाजे एका लयीत वर गेले तेव्हा गर्दीतून ‘ओऽऽ’ असा आवाज आला, आणि तो कौतुकाचा होता की 2019 च्या आठवणीचा, सांगता येत नाही.

अण्णा मागच्या बाजूला होते. त्यांनी मोटरींना बोट लावलं. दोनपर्यंत सुद्धा पोचले नाहीत.

प्रकार असा होता की दरवाजे वर गेल्यावर मोटरींना नुसतं उभं राहायचं होतं, पण भाच्याने पळतानाचा पूर्ण करंट उभ्यानेही चालू ठेवला होता. स्टेपर उभा असला तरी तो कॉइलमध्ये वीज पितच असतो, किंबहुना सर्वांत निवांत तेव्हाच पितो. जुने प्रिंटर यात शहाणे. त्यांतले बरेच कॅरेज पळताना 24 व्होल्ट द्यायचे आणि थांबल्यावर 5 वर आणून नुसतं धरून ठेवायचे. “चाळीस वर्सांपूर्वीच्या मशिनला अक्कल होती,” अण्णा भाच्याला म्हणाले, पण मंडपात लाउडस्पीकर चालू होता. मोटरी पट्ट्यांना ग्लू गनने चिकटवलेल्या होत्या. रात्री साडेनऊला, आरतीच्या गर्दीत, सहाव्या मोटरीचा गोंद मऊ पडला, ती आपल्या जागेवरून घसरली, आणि कोयनेचा सहावा दरवाजा धाडकन खाली आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सांगलीत कोयनेचा दरवाजा बंद होताना बघणं यापेक्षा मोठं सुख नाही. अध्यक्षांनी क्षणाचाही विलंब न लावता माइक घेतला आणि विसर्ग कमी करण्यात आल्याचं जाहीर केलं. पुन्हा टाळ्या. दहा मिनिटांनी पाचवा दरवाजा पडला, तेव्हा कुणी तरी नारळ फोडला.

रात्रभर मामा-भाचे मंडपामागे होते. गोंद काढून नट-बोल्ट. मग वाण्याकडून जुनी लोखंडी वजनं आणून प्रत्येक दरवाजाच्या दोरीला पलीकडच्या बाजूने अडकवली, म्हणजे दरवाजाचा भार वजनाने पेलायचा, मोटरीने फक्त हलवायचं. करंट निम्म्यावर आला. शिवाय मोडक्या प्रिंटरांतले सहा होम सेन्सर, प्रत्येक दरवाजा खाली टेकला की सर्किटला शून्य कळावं आणि चुकलेली पावलं दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात येऊ नयेत म्हणून. दुसऱ्या संध्याकाळी अण्णांनी बोट टेकवलं, तीनपर्यंत मोजलं, दहापर्यंत मोजलं, मग आरती होईपर्यंत मोटरीवर हात ठेवूनच उभे राहिले. दरवाजे विसर्जनापर्यंत पडले नाहीत. मंडळाची थोडी निराशा झाली. पहिल्या दिवसासारखी मजा नाही, असं अध्यक्ष बोलून दाखवत.

हल्ली अण्णांना नवीनच चिंता लागली आहे. मोठ्या संस्थांनी जुनी यंत्रं भंगारात घालायची नाहीत, नोंदणी झालेल्या रिसायकलरसारख्या ठिकाणीच द्यायची, असा ई-कचऱ्याचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. आमच्या संस्थेने स्टोअरमधले डॉट मॅट्रिक्स काढायचं ठरवलं, रीतसर यादी केली, रिसायकलरची गाडी बोलावली. गाडी यायच्या आदल्या दिवशी अण्णा आले. म्हणाले, “शेवटचं बगून घेतो.” मॅनेजरनी किल्ली दिली. त्यांना शेवटचं बघायला पूर्ण दुपार लागली. सोबत पिशवी होती आणि शर्टाच्या खिशात पेचकस. मॅनेजर त्या वेळात दोनदा स्टोअरवरून गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी मोबाइलमध्ये बघितलं.

सकाळी गाडी आली. ड्रायव्हरने यादीवरून प्रिंटर मोजून घेतले, सगळे बरोबर. झाकणं लावलेली, स्क्रू घट्ट, केबलीसुद्धा गुंडाळलेल्या. गाडी काट्यावर गेली, आणि थोड्या वेळाने परत संस्थेच्या दारात. ड्रायव्हर पावती हातात घेऊन उतरला.

“साहेब, नग बरोबर हायत, पन वजन कमी भरतंय.”

मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे.

“जुनी मशिनं हायत,” अण्णा म्हणाले. “झिजत्यात.”